डहाळ्यांखालची सातवी विहीर

सातपैकी सहा विहिरी बुजवून झाल्या होत्या. सातवी सापडत नव्हती, आणि हातात उरले होते नऊ दिवस. तेवढ्यासाठी मार्चमधल्या एका सकाळी, ऊन तापायच्या आत, तीन माणसं सिहोऱ्याच्या पुढची शेवटची धानाची बांधी ओलांडून जंगलात शिरली.

विहीर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाणी आणि पायऱ्या येतात. ही त्यातली नव्हती. चाळीसेक वर्षांपूर्वी एका कंपनीच्या डोक्यात बसलं की या पहाडीखाली वायू आहे. तिनं सात ठिकाणी वीतभर रुंदीची, पाच-पाचशे मीटर खोल भोकं पाडली आणि त्यांत लोखंडी नळ घातले. विकण्याइतका वायू निघाला नाही. मग गाशा गुंडाळून साहेब मंडळी निघून गेली आणि भोकं उघडीच राहिली. विकण्याइतका नसला तरी माणूस मारण्याइतका वायू त्यांत होता, पण त्याचा हिशेब ठेवायला मागे कोणी थांबलं नाही.

तिघांत पुढाकार होता कीर्ती हेडाऊचा. आंधळगावच्या, कोशाचं रेशमी कापड विणणाऱ्या घरातली ही मुलगी. वय चौतीस, अंगानं बारीक, आणि एकदा मनात घेतलं की ऐकायची नाही. तिनं असल्या बेवारस विहिरी बुजवण्यात पैसा घातला होता. काम असं होतं: नळातून किती वायू निसटतो ते आधी सलग चोवीस तास मोजायचं, मग नळ बंद करायचा. जितका वायू थांबला तितक्याचा दाखला मिळायचा, आणि तो दाखला विकत घ्यायला मुंबईची एक पेढी तयार होती. अट एकच, पण ती गळ्याशी येणारी. साती विहिरी मोजून, बुजवून, एकतीस मार्चच्या आत! एक जरी राहिली तरी करार रद्द.

या धंद्यात उतरायला कीर्तीनं आठ हातमागांची शेड विकली होती. शेड वडिलांची. टेकचंद हेडाऊंनी कागद पुढे आल्यावर चष्मा लावला, सही केली आणि एवढंच विचारलं, "त्या नळानं लोक मरतेत काय?" कीर्ती म्हणाली, "चौथ्या विहिरीपाशी गोऱ्हा मेलेला पाहिला मी." टेकचंदांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचं ओझं कीर्ती गेले सात महिने पाठीवर घेऊन फिरत होती.

आज पाठीवर त्याशिवाय बारा किलोची पिशवी होती: मोजणीचं यंत्र, नळावर बसवायची टोपी आणि विषारी वायू गाळणारे दोन मुखवटे. मागे भूषण. हा जवाहरनगरच्या क्वार्टरांत वाढलेला, यंत्रांचा शौकीन, तोंडाचा पट्टा सतत चालू. त्याच्या खांद्यावर बावीस किलोचं बूच होतं: दोन पोलादी चकत्यांमध्ये जाड रबर. ते नळात उतरवून पान्यानं मधला आटा पिळला की रबर फुगून नळाला घट्ट बसायचं; सिमेंटवाले मागाहून येऊन नळ कायमचा भरायचे. पाना पितळी, कारण लोखंडाची ठिणगी पडली तर पुढची गोष्ट सांगायला कोणी उरायचं नाही. कमरेला वायू ओळखणारी डबी. हवेत काही असलं की ती टिकटिकायची.

आणि सर्वांत पुढे मंगरू. साठीचा, काटक, पायात टायरच्या चपला. या जंगलातली प्रत्येक पायवाट त्याच्या तळव्यांना पाठ आहे असं सिहोऱ्यात सगळे सांगत. वाटाड्या पाहिजे म्हटल्यावर तो आपणहून कीर्तीच्या दारात येऊन उभा राहिला होता. मजुरीचंही त्यानं विचारलं नव्हतं. हे कीर्तीला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सावलीत पहिला थांबा झाला तेव्हा तिनं कंपनीची जुनी वही काढली. तुमसरच्या एका रद्दीवाल्याकडे ती सापडली होती. शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या. तिनं मोठ्यानं वाचल्या, "कूप क्रमांक सात. नाल्याच्या डाव्या काठी, मोठ्या मोहाजवळ. चौकीदारास वाघाने नेले, काम बंद."

"मोठा मोह," भूषण म्हणाला. "या जंगलात बारका मोह कुठं आहे ते सांगा आधी."

मंगरूनं तोंडातली काडी थुंकली, उठला आणि चालू लागला.

जंगल वाळून कोळ झालं होतं. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती, नाल्यात वाळू आणि वाळूत हरणांनी उकरलेले खड्डे तेवढे होते, आणि त्या सगळ्या करड्या रानात मोहाची झाडं मात्र फुलांनी लदबदली होती. खाली पिवळट फुलांचा सडा आणि हवेत आंबूस गोड वास. हा वास माणसाला आवडतो, तसा आणखी एकालाही.

एका वळणावर मंगरूनं हात वर केला. तिघं थिजले. वीस पावलांवर, मोहाच्या बुंध्याशी, एक काळं धूड पाठमोरं बसून फुलं ओरपत होतं. अस्वल! मादी होती, कारण पाठीवर पिल्लू होतं. पिल्लानं मान वळवली. मग तिनं वळवली. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि कीर्तीला तिच्या छातीवरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसला. पळावंसं वाटलं. पाय हललेच नाहीत, आणि तेच बरं झालं. मंगरू अगदी हळू, गुरांना बोलावं तसा तिच्याशी बोलू लागला, "खाय माय, खाय. आमी जाऊन राहिलो." बोलता बोलता तो एकेक पाऊल मागे सरकत होता. मादीनं नाक फेंदारलं, हुंकार दिला, आणि मग पुन्हा फुलांकडे वळली.

नाला ओलांडून खडकावर आल्यावर भूषण खाली बसला. त्याच्या तोंडाचा पट्टा तासभर बंद होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तो दिवस शोधण्यात गेला. दुपारी एकदा डबी टिकटिकली. उत्तरेकडून आलेल्या झुळकीबरोबर दोनदा, मग गप्प. कीर्ती तिकडे वळली तर मंगरू आडवा आला. "तिकडं कडा हाये, बाई. रस्ता नाही." ते दक्षिणेला वळले. मुक्काम उघड्या खडकावर झाला. मंगरू उत्तरेकडे पाठ करून निजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी आणखी दोनदा बोलली, आणि दोन्ही वेळा मंगरूला दुसरी वाट आठवली. साडेसातच्या सुमाराला कीर्तीला विजेनं दुभंगलेला एक मोह दिसला. खोडावर मुंग्यांचं लाल वारूळ. अर्ध्या तासानं पुन्हा दुभंगलेला मोह आला, आणि त्याच्यावर तेच लाल वारूळ!

ती थांबली. पिशवी खाली ठेवली.

"काका, तुमी आमाले गोल फिरवून राहिले."

मंगरूनं नजर वारुळाकडे वळवली.

"काहून? मी माही शेड विकून या कामात पडली. आठ दिवस राहिले माह्यापाशी. विहीर कुठं हाये ते तुमाले ठाऊक हाये ना?"

म्हातारा उकिडवा बसला. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "त्या वहीत चौकीदार लिवला हाये. त्याचं नाव नाही लिवलं. इश्वर त्याचं नाव. माहा बाप."

रानात कुठेतरी सुतारपक्षी ठोकत होता.

वाघानं मारलेल्या माणसाच्या जागी, मंगरूनं सांगितलं, जाता-येता एक डहाळी टाकायची. ही इकडची रीत. पण इश्वरच्या जागेची रीत जरा निराळी पडली. तिथे बोलायचं नाही. दरडीच्या कडेवरून, श्वास रोखून, डहाळी खाली फेकायची आणि मागे न पाहता निघून जायचं. कारण सुरुवातीला जे खाली उतरले ते चक्कर येऊन पडले. लोक म्हणाले, इश्वर अजून तिथेच आहे, जवळ आलेलं त्याला खपत नाही. तेव्हापासून मोह वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे, गुराखी, सगळे डहाळी टाकत आले. मंगरूनं स्वतः दरवर्षी टाकली.

"त्या ढिगातलं लाकूड उचलायचं नसते, बाई. कोनीच नाही. तुमाले दुसऱ्या कोनी आनलं असतं त त्यानं सिध्धं ढिगावर नेलं असतं. म्हनून मीच आलो."

कीर्तीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या मनात एकच शब्द अडकून बसला होता: चक्कर.

"बापाच्या अंगावर वाघाचं काही होतं?" तिनं विचारलं. "दात, पंजा?"

मंगरूनं टॉवेल मुठीत आवळला. "मी अठरा वर्साचा होतो. डोये लाल होते त्याचे. तोंडाले फेस होता." तो अडखळला. "रगत नवतं. साहेबानं सांगतलं, वाघानं मान मोडली. साहेब खोटं कायले बोलन?"

"चला," कीर्ती म्हणाली. "दुरून दाखवा. लाकडाले हात नाही लावत."

दरड नाल्याच्याच एका फाट्यावर होती, कालच्या 'कड्या'च्या पलीकडे. खाली बशीसारखा खोलगट खड्डा. त्यात एकही झाड हिरवं नव्हतं, खड्ड्याच्या कडेनं झाडांची हिरवाई दोरी धरून आखल्यासारखी संपत होती. मधोमध तो ढीग. दीड पुरुष उंच, बैलगाडीएवढा रुंद, चाळीस वर्षांच्या डहाळ्यांचा! खालच्या पांढऱ्या पडलेल्या, वरच्या अजून पानं धरून असलेल्या. आणि त्याच्या पोटातून आवाज येत होता. बारीक, न थांबणारा, झोपेत कोणी दात आवळून श्वास सोडावा तसा.

नाकात सडक्या अंड्यांचा वास शिरला. कीर्ती नीट पाहण्यासाठी दोन पावलं उतरली, मग आणखी दोन. डबी किंचाळू लागली होती, पण हिला वाटलं, वारा फिरला असावा.

"वास गेला, भूषण," ती म्हणाली.

भूषणनं तिच्या दंडाला धरून असं खेचलं की ती दरडीवर पालथी पडली.

"वास गेला नाही, ताई! नाक मेलं आपलं!" तो तिला फरफटत वर आणत होता. "तो वास येईनासा झाला ना, की समजायचं, दोन मिनिटं राहिली."

कीर्तीला ओकारी आली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मान वर करून पाहिलं तेव्हा मंगरू तिच्या तोंडाकडे बघत होता, तिच्या लाल डोळ्यांकडे.

त्याला समजावून सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं त्यानं वाघाला शिव्या दिल्या होत्या. चाळीस वर्षं बाप झोपलाय तिथे एकेक डहाळी टाकली होती, आणि तीच डहाळी दुसऱ्या कोणासाठी चिता रचत गेली होती. खाली पेटणारा वायू, वर वाळलेलं लाकूड. एक काडी पडायची खोटी!

"वाघ नवता," तो म्हणाला. मग पुन्हा तेच म्हणाला. मग त्यानं हात पुढे केला. "तोंडाले लावाचं ते द्या. पयलं लाकूड मी उचलतो."

मुखवटे दोनच होते. दोघं उतरायचे, तिसरा वर दम खायचा. उतरा, ओढा, फेका, वर या! पंधरा मिनिटं झाली की अदलाबदल. मंगरूला कितीदा सांगितलं तरी तो वर यायला तयार नसे. डहाळ्यांच्या तळाशी फांदीएवढी लाकडं निघाली, त्याखाली एका पितळी बिल्ल्याचा हिरवा पडलेला तुकडा. चौकीदाराचा बिल्ला. मंगरूनं तो कनवटीला खोचला आणि पुढचं लाकूड ओढलं.

साडेअकराला नळ उघडा पडला. गंजून खवले आलेला, वीतभर तोंडाचा, कोपराएवढा जमिनीवर आलेला. भूषणनं त्यावर मोजणीची टोपी बसवली, नळी जोडली आणि वर दरडीवर यंत्राचे आकडे पळू लागले. बाराला दहा मिनिटं कमी! उद्या याच वेळेला चोवीस तास पुरे होतील. मग बूच. मग पेढी. मग शेड.

कीर्ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली असेल.

"ताई, पार्टी तुमच्याकडून," भूषण म्हणाला. "तुमसरले. आणि मटण."

मंगरू मात्र खाली, नाल्याच्या उताराकडे बघत होता. "बाई, ते पाहाय."

दूर, अर्ध्या कोसावर, मोहाच्या राईत लुगड्यांचे रंग दिसत होते. शकुनबाईची टोळी. दरसाल यायची, मंगरूनं सांगितलं. बायका, म्हातारे, लेकरं मिळून तेवीस माणसं. महिनाभर मोहाखालीच राहायचे. आणि मोह वेचायचा तर खालचा पाचोळा जाळावा लागतो, म्हणजे पडलेलं फूल स्वच्छ जमिनीवर दिसतं. सगळी झाडीपट्टी हेच करते.

भूषणच्या तोंडचं हसू मावळलं.

"मी सांगून येतो," मंगरू म्हणाला. "शकुनबाई ऐकते माहं."

आता इथे कीर्तीनं काय करायला हवं होतं ते घरात पंख्याखाली बसून सांगणं सोपं आहे. तिनं तेव्हाच बूच बसवायला हवं होतं. पण तिच्यासमोर आकडे पळत होते, आणि एकेका आकड्यात तिला एकेक माग परत येताना दिसत होता. ती म्हणाली, "जा काका, उद्या दुपारपर्यंत आगपेटी काढू नका म्हनावं." म्हातारा उतार उतरून गेला.

दुपार तापत गेली. पक्षी गप्प झाले. खड्ड्यातून उपसलेल्या डहाळ्या वर दरडीवर पसरल्या होत्या, उन्हात कडकड वाजत होत्या. चार वाजता वारा सुटला. पश्चिमेचा, भट्टीचं दार उघडल्यासारखा. पाचोळा उठून पळू लागला. कीर्तीनं तोंडावर ओढणी घेतली, आणि ओढणीतून तिला तो वास आला. सडकी अंडी नव्हेत. धूर.

उतारावर निळसर पट्टा उठला होता. पट्ट्याच्या खाली लाल.

मंगरू धावत वर आला, मागे शकुनबाई. पन्नाशीची, उंच, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, हातात कोयता. तिनं धापा टाकतच सांगितलं, "आता नाही लावला वो इस्तो, बाई. मंगरूभाऊच्यान नाही लावला. सकाळी त्यायच्या आधीच लावल्ता, विझवूनबी टाकल्ता. एका पोकळ खोडात निखारा राहिला. ही हवा सुटली अन्..." तिनं कोयत्यानं धुराकडे दाखवलं.

"किती वेळ?" कीर्तीनं विचारलं.

मंगरूनं वाऱ्याला तोंड दिलं. "अर्धा तास. नाही त तेवढाबी नाही."

"भूषण, नळ पेटला तर?"

"पेटला तर कोणाच्या बापाला जवळ जाता येणार नाही," भूषण म्हणाला, आणि लगेच मंगरूकडे पाहून ओशाळला. "पावसाळ्यापर्यंत जळत राहील. आणि खड्ड्यात जो साचलाय तो एकदम उडेल. खालची माणसं..." त्यानं नाल्याकडे पाहिलं. टोळी आगीपासून पळत होती, आणि पळायला रान मोकळं होतं ते फक्त इकडेच, नाल्यानं वर. तेवीस माणसं या खड्ड्याच्या दिशेनं येत होती!

यंत्रावर आकडा होता: चार तास बत्तीस मिनिटं.

टोपी काढली की मोजणी संपली. पुन्हा मोजायला नळातून वायू निसटणार नाही, कारण नळ बंद असेल. बूच एकदा बसलं की सिमेंट येईपर्यंत काढता येत नाही, आणि ते काढून पुन्हा मोजायला पेढी मान्यता देणार नाही. हे सगळं करारात लिहिलेलं होतं. कीर्तीला ते कलमासकट पाठ होतं.

"काढू?" भूषणनं विचारलं.

तिनं तीन श्वास घेतले. ते तीन श्वास तिला पुढे आयुष्यभर आठवले, आणि दरवेळी लाज वाटली. मग तिनं मुखवटा ओढला. "मीच काढते. तू बूच आण."

ती उतरली. टोपी उपटली. फुत्कार थेट तोंडावर आला. भूषणनं बूच नळाच्या तोंडात धरलं. बसेना! गंजाचे खवले आत आले होते. कीर्तीनं पितळी पान्याच्या टोकानं खवले खरवडले. बोटं सोलली. पुन्हा लावलं. अर्धं गेलं, अडकलं. भूषणनं त्यावर गुडघा टेकून सगळं वजन टाकलं. बूच खाली घसरलं.

वर दरडीवर मंगरू आणि शकुनबाई झपाट्यानं कामाला लागले होते. वाळलेल्या डहाळ्या खड्ड्याच्या कडेपासून दूर फेकत होते, कोयत्यानं हिरव्या पळसाच्या फांद्या तोडत होते. टोळी पोचली. शकुनबाईनं लेकरांना नाल्याच्या वाळूत पालथं घातलं आणि बायकांना ओरडली. बायकांनी फांद्या घेतल्या आणि आगीचा काठ झोडपू लागल्या. धप्, धप्, धप्! पाचोळ्याचा एक पट्टा साफ झाला. आग त्या पट्ट्याशी आली, थबकली, बाजूनं वळली.

खाली कीर्ती आटा पिळत होती. एक फेरा. दोन. पाना सटकला. पुन्हा. आवाज बारीक झाला, शिट्टीसारखा. तीन फेरे. चार. मुखवट्यात घाम तोंडापर्यंत आला. पाचवा फेरा बसेना. भूषणनं तिच्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून ओढलं.

शिट्टी थांबली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या खड्ड्यात काहीच ऐकू आलं नाही.

"वर! वर!" भूषण ओरडला. दोघं दरड चढली, वाळूत उड्या टाकल्या, आणि त्याच क्षणी पेटती पानं घेऊन वाऱ्याचा एक झोत खड्ड्यावरून गेला. धप्प! निळी ज्वाळा खड्डाभर उठली, एका श्वासापुरती. कीर्तीच्या पाठीवरून गरम काहीतरी सरकलं, केस करपल्याचा वास आला. मग काही नाही. खड्ड्यातलं उरलंसुरलं जळून गेलं होतं, आणि नळ मुका होता.

आग रानानं पूर्वेकडे निघून गेली, एका उघड्या खडकाशी जाऊन विझली. शकुनबाईनं माणसं मोजली. तेवीस भरली. मग तिनं त्यात हे तिघंही मोजले आणि मगच खाली बसली.

सकाळी पहाडीच्या माथ्यावर फोनला रेंज मिळाली. पेढीतला माणूस फार सभ्य होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, काळजी व्यक्त केली आणि म्हणाला, "पण मॅडम, चोवीस तासांची नोंद नाही म्हणजे आमच्या दृष्टीनं ती विहीर नव्हतीच." कीर्तीनं फोन बंद केला. मग वडिलांना लावला.

"शेड गेली, बाबा."

टेकचंदांनी विचारलं, "कोनी मेलं काय?"

"नाही."

"मंग ये. भाड्याच्या मागावर बसू. हात त आपलेच आहेत."

कीर्ती तिथेच, दगडावर बसून रडली. चांगली मोकळी रडली. भूषणनं तिच्याकडे पाठ केली आणि आयुष्यात दुसऱ्यांदा बराच वेळ तोंड बंद ठेवलं.

परतीची वाट दरडीवरूनच होती. खड्डा काळा पडला होता, मध्ये बुचाची चकती चमकत होती. शकुनबाईची टोळी कडेवर उभी होती. एका बाईनं सवयीनं बाजूच्या झाडाची डहाळी मोडली. कीर्तीनंही मोडली. नकळत तिनं श्वासही रोखला होता.

मंगरूनं तिचा हात धरला.

"डहाळी नोको, बाई," तो म्हणाला. "दगड टाक. दगड पेटत नाही."

"काका, सिमेंटवाले येतील तेव्हा सगळे दगड काढावे लागतील," भूषण म्हणाला.

"काढा ना, बाबू. आमी परत टाकू."

मंगरू स्वतः खाली उतरला. सावकाश, मुखवट्याशिवाय, नाकानं श्वास घेत. चकतीशी बसला, कनवटीचा बिल्ला काढून तिथे ठेवला आणि त्यावर नाल्यातला एक गुळगुळीत गोटा. मग त्यानं वर पाहिलं.

कीर्तीनं हातातली डहाळी टाकून दिली, आजूबाजूला पाहिलं, आणि तिला उचलवेल तेवढा मोठा दगड उचलून ती खाली उतरू लागली.